एक पॅटर्न, हजार बटणं

संगणकाशी गट्टी

बालमित्रांनो, कोल्हापूरकरांना फाउंड्री म्हणजे काय हे सांगायला नको. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल... कुणाचे बाबा, कुणाचा काका, कुणाचा शेजारी तिथं कामाला असतोच. पण आपले बाहेरगावचे वाचकही आहेत ना? त्यांच्यासाठी थोडं सांगतो.

फाउंड्री म्हणजे ओतकामाचा कारखाना. भट्टीत लोखंड वितळवायचं, ते साच्यात ओतायचं आणि थंड झालं की वस्तू बाहेर काढायची. या वस्तूला म्हणतात कास्टिंग. इंजिनाचे भाग, पंपाचे भाग, ट्रॅक्टरचे भाग असे तयार होतात. आता प्रश्न असा, की साचा कुठून येतो? साचा असतो वाळूचा. आणि वाळूला आकार देणारा असतो पॅटर्न. लाकडाचा किंवा धातूचा, हुबेहूब त्या वस्तूसारखा. पेटीत पॅटर्न ठेवायचा, भोवती वाळू ठासायची, पॅटर्न अलगद काढून घ्यायचा. मागं जी पोकळी राहते, तिच्यात लोखंडाचा रस!

गंमत बघा. वाळूचा साचा एकदाच वापरता येतो. कास्टिंग काढताना तो मोडतोच. पॅटर्न मात्र पुन्हा पुन्हा वापरता येतो. म्हणून सगळी अक्कल पॅटर्न बनवणाऱ्याची लागते. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून तो पॅटर्न किंचित मोठा बनवतो, शंभर मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर जास्त. पॅटर्न वाळूतून सहज निघावा म्हणून त्याच्या बाजूंना थोडासा उतार देतो. ही अक्कल एकदा वापरायची आणि कास्टिंग हजारो काढायची. पण त्याचं माप चुकलं तर? मग हजारो कास्टिंग चुकणार!

तुम्ही म्हणाल, "संगणकाच्या सदरात हे लोखंड कुठून आलं?" थांबा, तिकडंच चाललोय.

छत्तीस जिल्हे, छत्तीस बटणं?

कोल्हापूर जिल्ह्याची सरकारी वेबसाइट कधी उघडून पाहिली आहे का? नसेल तर आईबाबांच्या मोबाइलवर पाहा. मग सांगलीची उघडा. मग साताऱ्याची. काय दिसतं? फोटो वेगळे, नावं वेगळी, माहिती वेगळी. पण मेनूची पट्टी, सूचनांची चौकट, अक्षरं मोठी-लहान करायची सोय यांची ठेवण सारखीच. जणू एकाच घरातली भावंडं!

याचं कारण असं, की सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं, म्हणजे एनआयसीनं, सरकारी वेबसाइटींसाठी एक सामाईक व्यवस्था तयार केली आहे. तिचं नाव एस-थ्री-वास. या नावातल्या तीन 'एस'पैकी एक आपल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे 'सुगम्य'. सगळ्यांना सहज वापरता येईल असं. वेबसाइटचे तयार भाग केंद्रानं द्यायचे आणि त्यांत आपापली माहिती जिल्ह्यानं भरायची, अशी ही वाटणी.

अशी व्यवस्था नसती तर? महाराष्ट्रात जिल्हे ३६. प्रत्येकानं आपापलं बटण बनवलं असतं. एकाचं गोल, एकाचं चौकोनी, एकाचं पिवळ्यावर पांढरं, म्हणजे उन्हात मोबाइल धरला की गायबच! मग कुणीतरी तक्रार केली, की "बटण वाचता येत नाही." ते दुरुस्त झालं एका जिल्ह्यात. उरलेल्या ३५ ठिकाणी तीच चूक तशीच. भाग सामाईक असला की दुरुस्ती एकदाच करायची आणि सगळीकडं पोहोचवायची.

म्हणजे बटणाचा पॅटर्न बनवायचा! वेबसाइट बनवणारे अशा पॅटर्नला म्हणतात कंपोनंट, आपण 'घटक' म्हणू. आणि अशा सगळ्या घटकांच्या कपाटाला म्हणतात कंपोनंट लायब्ररी.

नावात आडवी रेघ हवीच

वेबसाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला ब्राउझर म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज ही त्यांची नावं. ब्राउझरला काही घटक जन्मापासूनच माहीत असतात. बटण, चित्र, तक्ता, लिहायची चौकट. पण 'तारीख निवडायची मराठी दिनदर्शिका' किंवा 'जिल्हा निवडायची यादी' त्याला कुठून माहीत असणार?

पूर्वी अशा वस्तू बनवायला प्रत्येक जण आपापल्या पद्धतीनं जुगाड करायचा. एकाची वस्तू दुसऱ्याच्या वेबसाइटवर चालेलच याची खात्री नसे. २०११ मध्ये वेब कंपोनंट्स ही कल्पना पुढं आली. ब्राउझरलाच नवे शब्द शिकवायचे! पण सगळ्या ब्राउझरांचं एकमत व्हायला वर्षं गेली. सर्वांना मान्य झालेल्या रूपात ही सोय क्रोममध्ये २०१६ मध्ये आली, फायरफॉक्समध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि नव्या एजमध्ये जानेवारी २०२० मध्ये. सफारीनंही ती मधल्या काळात आणली होती.

नवा शब्द शिकवायचा एक मजेशीर नियम आहे. नावात आडवी छोटी रेघ, म्हणजे हायफन, असलाच पाहिजे. नुसतं 'बटण' नाव चालणार नाही. 'शाळा-बटण' असं जोडनाव हवं. शिवाय ते रोमन लिपीतल्या लहान अक्षरानं सुरू व्हायला हवं. असं का? उद्या ब्राउझरवाल्यांनी स्वतःचा नवा घटक आणला, तर त्याच्या नावाशी आपल्या नावाची टक्कर नको! तुमच्या वर्गात दोन 'प्रतीक' असले की बाई आडनाव लावूनच हाक मारतात ना? तसंच हे.

भिंत, खिडकी आणि घंटा

आता घटकाच्या आत डोकावू. चांगल्या घटकाला चार गोष्टी असतात.

पहिली, भिंत. समजा, शाळेच्या पानावर कुणीतरी नियम लिहिला, "सगळे मथळे लाल करा." तुमच्या दिनदर्शिकेतही एक मथळा आहे. तोही लाल होणार? घटकाभोवती भिंत असली तर नाही. या भिंतीला 'शॅडो डॉम' असं भारदस्त नाव आहे. बाहेरचे नियम आत घुसत नाहीत आणि आतले बाहेर सांडत नाहीत. पण अक्षरांचा रंग, फॉन्ट अशा काही गोष्टी वारशानं आत येतात. घराच्या भिंतीतून शेजाऱ्यांचं भांडण आत येऊ नये, पण नळाचं पाणी यावं, असाच हा प्रकार.

दुसरी, खिडकी. फोटोफ्रेम एकच, आत फोटो कुणाचाही. तसं घटकात मोकळी जागा ठेवतात, तिला म्हणतात स्लॉट. 'सूचनेची चौकट' आपण द्यायची, आत सहलीची सूचना घालायची की सुट्टीची, हे शाळा ठरवेल.

तिसरी, कळ. मिक्सरला जशी एक, दोन, तीन अशी कळ असते, तशी घटकालाही असते. 'आकार: मोठा', 'स्थिती: बंद' असं बाहेरून सांगता येतं. मिक्सर उघडून तारा जोडाव्या लागत नाहीत.

आणि चौथी, घंटा. बटण दाबलं गेलं की घटक बाहेरच्यांना कळवतो, "अहो, मला दाबलं बरं का!" पुढं काय करायचं ते बाहेरच्यांनी ठरवायचं. अर्ज पाठवायचा की पान बदलायचं, याची पंचाईत बटणानं करू नये.

'कोल्हापूर' हीच परीक्षा!

आता एक खास आपली अडचण. एखादा घटक इंग्रजीत बनवून तपासला, की तो अगदी झकास दिसतो. मग त्यात मराठी घाला. इंग्रजीत 'सबमिट' हा एकच शब्द असतो, मराठीत होतं 'अर्ज सादर करा'. बटण तोकडं पडलं!

आणि उंची? इंग्रजी अक्षरांच्या मापानं चौकट घट्ट बांधली तर आपल्या मात्रा वरून कापल्या जातात आणि उकार-ऊकार खालून. 'कोल्हापूर' हाच शब्द घ्या. 'को'ची मात्रा वर जाते, 'पू'चा ऊकार खाली उतरतो. एकाच शब्दात दोन्ही टोकांची परीक्षा! म्हणून मराठीसाठी घटक बनवताना 'कोल्हापूर' लिहून बघावं. वर-खाली काही कापलं गेलं नाही तर पहिली पायरी पास. मग 'इचलकरंजी' आणि 'छत्रपती संभाजीनगर' घालून बघायचं, म्हणजे रुंदीचीही परीक्षा होते.

एकच वाडा की वेगवेगळी घरं?

समजा, तुम्ही चार मित्रांनी मिळून तीन घटक बनवले. एक 'चिन्ह', म्हणजे छोटं चित्र. दुसरं 'बटण', ज्याच्या आत चिन्ह बसतं. तिसरा 'अर्ज', ज्याच्या आत बटण बसतं. आता हे तिन्ही ठेवायचे कुठं?

एक पद्धत अशी, की तिघांना तीन वेगळी घरं. प्रत्येकाची वही वेगळी, हिशेब वेगळा. सुरुवातीला बरं वाटतं. पण एक दिवस चिन्हाचं माप बदललं. बटणवाल्याला पत्ताच नाही. त्याचं बटण जुन्या चिन्हावर चाललंय. अर्जवाल्यानं नवं चिन्ह आणलं, पण बटण जुनंच. पडद्यावर चिन्ह बटणाच्या बाहेर लोंबायला लागलं. आता चूक कुणाची? तिघंही म्हणणार, "माझ्याकडं तर बरोबर चालतंय!"

दुसरी पद्धत एकत्र कुटुंबाची. सगळे घटक एकाच वाड्यात. खोल्या वेगळ्या, पण अंगण एक, कोठार एक, तपासणी एक. याला म्हणतात मोनोरेपो. 'मोनो' म्हणजे एक आणि 'रेपो' म्हणजे प्रोग्रॅम ठेवायचं कोठार. चिन्ह बदलणाऱ्यानं त्याच वेळी बटण आणि अर्जही तपासून दुरुस्त करायचा आणि तिन्ही बदल एकदम नोंदवायचे. अर्धवट बदल आत येऊच द्यायचा नाही.

ही पद्धत लहान मंडळींचीच आहे असं समजू नका हं. गुगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये आपल्या एका लेखात आकडे दिले होते. जानेवारी २०१५ मध्ये त्यांच्या एकाच कोठारात प्रोग्रॅमांच्या सुमारे ९० लाख फायली होत्या आणि त्यांत साधारण २०० कोटी ओळी. केवढा तो वाडा!

पण एकत्र कुटुंबात कटकटीही असतात, हे आजीला विचारा. इथली मुख्य कटकट अशी, की एका खोलीत खिळा ठोकला म्हणून सगळा वाडा रंगवत बसायचा का? सगळे घटक दर वेळी नव्यानं तयार करायला आणि तपासायला खूप वेळ जातो. म्हणून संगणकाला एक वंशावळच देतात. कोण कुणावर अवलंबून आहे त्याची. चिन्ह बदललं तर चिन्ह, बटण आणि अर्ज तिन्ही तपासायचे, तेही याच क्रमानं. अर्ज बदलला तर फक्त अर्ज. कारण अर्जावर कुणीच अवलंबून नाही. बाकीचं कालचं तयार काम तसंच वापरायचं. आहे की नाही नाद खुळा?

डब्यात काय भरायचं?

घटक तयार झाले. आता ते दुसऱ्यांना द्यायचे, म्हणजे पॅकिंग आलं. चटणी-लोणच्याचा धंदा करणाऱ्या मावशींना विचारा, माल चांगला असून भागत नाही, पॅकिंगही नीट लागतं.

पहिला नियम, गिऱ्हाइकाला लागेल तेवढंच भरा. आपले कच्चे आराखडे, तपासणीचे कागद, फसलेले प्रयोग आपल्या घरी. डब्यात जातो तयार माल, वापरायची माहिती आणि परवान्याचा कागद. डबा जड झाला तर खेडेगावातल्या मंद नेटवर पान उघडायला वेळ लागेल आणि लोकांचा डेटा खर्च होईल.

दुसरा नियम, प्रत्येक घटक सुटा घेता आला पाहिजे. कुणाला फक्त बटण हवं असेल, तर त्याच्या गळ्यात पूर्ण कपाट का मारायचं?

तिसरा नियम जरा अवघड आहे. नीट वाचा. प्रत्येक डब्यात शेगडी भरू नका! म्हणजे काय? समजा, 'अर्ज' भरताना त्याच्या डब्यात तुम्ही 'बटण' कायमचं चिकटवून टाकलं. 'दिनदर्शिके'च्या डब्यातही तसंच केलं. आता एका शाळेनं दोन्ही डबे आणले. पानावर 'शाळा-बटण' दोनदा आलं. ब्राउझर एका पानावर एका नावाची नोंद साधारणपणे एकदाच करून घेतो. दुसऱ्यांदा तेच नाव आलं की तो चूक दाखवतो आणि तिथंच अडतो. म्हणजे दोन्ही डबे वेगवेगळे अगदी ठीक, पण एकत्र आले की बंद! यावर उपाय असा, की बटण डब्यात चिकटवायचं नाही. डब्यावर लिहायचं, "याला सोबत बटण लागेल, अमुक क्रमांकाचं." मग दोघांसाठी एकच बटण येतं.

आणि चौथा नियम, लेबल. डब्यावर आवृत्तीचा क्रमांक हवाच. तो तीन आकड्यांचा असतो. उदाहरणार्थ २.४.१. शेवटचा आकडा वाढला तर समजायचं, बारीक दुरुस्ती झाली, निर्धास्त घ्या. मधला वाढला तर नवी सोय आली, पण जुनं सगळं चालतंय. पहिला आकडा वाढला तर सावधान! जुनी पद्धत मोडली आहे. माहिती वाचल्याशिवाय हात लावू नका.

हे तीन आकडे म्हणजे वापरणाऱ्यांना दिलेला शब्द आहे. पद्धत मोडणारा बदल करून फक्त शेवटचा आकडा वाढवला, तर ती फसवणूकच झाली.

अकरा ओळींचा गोंधळ

"एवढ्याशा घटकाचं एवढं काय घेऊन बसलात?" असं कुणाला वाटत असेल, तर ही खरी घडलेली गोष्ट ऐका.

जगभरातले प्रोग्रॅमर आपली पॅकेजेस एनपीएम नावाच्या एका मोठ्या सामाईक कोठारात ठेवतात. तिथं 'लेफ्ट-पॅड' नावाचं एक पॅकेज होतं. त्याचं काम अगदी चिमुकलं. एखाद्या शब्दाच्या किंवा आकड्याच्या डाव्या बाजूला मोकळ्या जागा किंवा शून्यं भरायची. ५ चं ००५ करायचं, बस्स. सगळा प्रोग्रॅम ११ ओळींचा!

मार्च २०१६ मध्ये एका दुसऱ्याच पॅकेजच्या नावावरून वाद झाला आणि रागावलेल्या प्रोग्रॅमरनं आपली सगळी पॅकेजेस कोठारातून काढून टाकली. त्यात लेफ्ट-पॅडही गेलं. झालं! अनेक मोठमोठी पॅकेजेस आतून या चिमुकल्यावर अवलंबून होती. जगभर ठिकठिकाणी प्रोग्रॅम तयार होणं थांबलं. ज्यांनी लेफ्ट-पॅडचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांचंही काम अडलं. शेवटी काही तासांत एनपीएमनं ते पॅकेज परत जागेवर ठेवलं आणि पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक केले.

यातून काय शिकायचं? सामाईक विहिरीतून सगळं गाव पाणी भरत असेल, तर "विहीर माझ्या शेतात आहे" म्हणून एका रात्रीत ती बुजवता येत नाही. आणि गावानंही विहीर कुणाची, तिची काळजी कोण घेतं, हे आधीच ठरवून ठेवायला हवं.

वारणेची आठवण

सामाईक सोय म्हटलं की आपल्या जिल्ह्यातली एक आठवण सांगायलाच हवी. १९९८ मध्ये पन्हाळा तालुक्यातल्या वारणानगरच्या परिसरात एक मोठा प्रयोग सुरू झाला. नाव होतं 'वारणा वायर्ड व्हिलेजेस'. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं. तेव्हा शहरातल्याही पुष्कळ घरांत संगणक नव्हता. एनआयसी आणि वारणेच्या सहकारी संस्थांनी मिळून गावागावांत संगणक केंद्रं उभी केली. ऊस उत्पादकांना उसाची नोंद, तोडणीची परवानगी, उसाचं वजन, बिलाची रक्कम ही माहिती गावातच मिळावी, हा हेतू.

विचार करा, गावोगावच्या शेतकऱ्यांसाठी तोच हिशेब. गावागणिक वेगवेगळा प्रोग्रॅम असता आणि एका गावाच्या पडद्यावर वजन एक, दुसऱ्या गावाच्या पडद्यावर दुसरंच दिसलं असतं, तर शेतकऱ्यानं कशावर विश्वास ठेवायचा? वर्षभराच्या घामाचा प्रश्न आहे तो.

या गोष्टीचा पुढचा भागही छान आहे. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथं पाहणी केली. त्यांना दिसलं, की लोक या संगणकांचा उपयोग मुख्यतः ऊस आणि कारखान्याच्या ठरावीक कामांपुरताच करत होते. मग त्यांनी ७ गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला आणि काम भागलं! म्हणजे कपाट किती मोठं आहे याला महत्त्व नाही. लोकांना रोज लागणारे मोजके घटक ओळखता आले पाहिजेत आणि ते पक्के बनवता आले पाहिजेत.

न दिसणारं बटण

आता शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

समजा, दहावीतली एक मुलगी आहे. तिला डोळ्यांनी दिसत नाही. ती संगणक वापरते स्क्रीन रीडरच्या मदतीनं. हा प्रोग्रॅम पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो. एनव्हीडीए नावाचा असा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन तरुणांनी २००६ मध्ये तो सुरू केला. ते दोघेही स्वतः अंध आहेत!

या मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे. माऊसचा बाण तिला दिसत नाही, म्हणून ती टॅब कळ दाबत पुढं जाते. पण घटक बनवणाऱ्यानं खरं बटण वापरण्याऐवजी नुसती रंगीत चौकट काढली आहे. डोळ्यांना ती बटणच वाटते. टॅब कळ मात्र तिथं थांबतच नाही आणि स्क्रीन रीडरही "बटण" असं म्हणत नाही. सगळा अर्ज भरून झाला, शेवटची तारीख आली आणि 'सादर करा' सापडतच नाही!

मघाशी सांगितलेली भिंतही इथं घात करू शकते. 'जन्मतारीख' हे नाव भिंतीबाहेर आणि लिहायची चौकट भिंतीच्या आत असेल, तर नेहमीच्या पद्धतीनं दोघांची जोडी जमत नाही. स्क्रीन रीडर नुसतं "लिहायची चौकट" म्हणून गप्प बसतो. काय लिहायचं ते सांगतच नाही. म्हणून नाव आणि चौकट एकाच घटकात, एकाच भिंतीच्या आत ठेवावी. रंगांचंही माप ठरलेलं आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी निदान ४.५ ला १ असावा, असा जागतिक नियम आहे.

आता पॅटर्नची गोष्ट आठवा. चूक पॅटर्नमध्ये असेल, तर ती ३६ जिल्ह्यांत जाईल. त्या मुलीसारख्या कितीतरी जणी ३६ ठिकाणी अडतील. पण एकानं मन लावून ते बटण सुधारलं, तर ३६ दरवाजे एकदम उघडतील. सामाईक काम करणाऱ्याच्या हातात ही केवढी मोठी ताकद असते! आणि म्हणूनच त्याची जबाबदारीही मोठी.

करून बघा

संगणक नसला तरी चालेल. जाड कागद, कात्री आणि चार मित्र घ्या.

१. जाड कागदाची एक चौकट कापा. मध्ये मोकळी खिडकी ठेवा. हा झाला 'सूचना' घटक. मागं आवृत्ती लिहा: १.०.०.

२. ही चौकट ठेवून प्रत्येकानं आपल्या वहीत तिची आकृती काढायची आणि आत आपली सूचना लिहायची. एकानं मुद्दाम 'कोल्हापूर' लिहायचं, एकानं 'छत्रपती संभाजीनगर'. कुणाचं मावलं नाही?

३. आता खिडकी मोठी करा. आवृत्तीचा कोणता आकडा वाढवाल? चौघांनी चर्चा करून ठरवा. आधी लिहिलेल्या सूचना नव्या चौकटीत बसतात का, तेही तपासा.

डोकं चालवा

बटणाची आवृत्ती २.४.१ आहे. पुढच्या बदलांनंतर क्रमांक काय होईल?

अ) 'बंद' स्थितीतही बटण दाबलं जात होतं, ती चूक दुरुस्त केली.
आ) 'लहान' हा नवा आकार दिला. जुने आकार तसेच.
इ) 'आकार' या कळीचं नाव बदलून 'माप' केलं. जुनं नाव आता चालत नाही.

उत्तरं: अ) २.४.२. आ) २.५.०. इ) ३.०.०. प्रत्येक वेळी सुरुवात २.४.१ पासूनच करायची बरं का! आणि डावीकडचा आकडा वाढला की उजवीकडचे पुन्हा शून्य होतात.

आईबाबांसाठी दोन ओळी

एकदा माऊस बाजूला ठेवून किंवा मोबाइलवरचा स्क्रीन रीडर चालू करून तुमच्या रोजच्या वापरातली एखादी वेबसाइट मुलांसोबत वापरून पाहा. कुठं अडायला झालं ते मुलांना वहीत लिहू द्या आणि त्या वेबसाइटच्या अभिप्रायाच्या पानावर नम्रपणे कळवा. घटक सामाईक असेल, तर तुमच्या घरातून गेलेली एक तक्रार कितीतरी घरांच्या उपयोगी पडेल.

काय दोस्तांनो, आता उद्यमनगरातून जाताना पॅटर्न दिसला की बटण आठवेल ना? आणि बटण दाबताना पॅटर्न बनवणारे हात? भेटू पुढच्या आठवड्यात!